चुंबळीखालचे आकडे

मानेतला पहिला मणका मोडला, तर अमेरिकेतल्या दवाखान्याच्या कागदावर तो साठ प्रकारांनी मोडलेला असू शकतो. ही मोजदाद मी स्वतः केली आहे, एकदा नव्हे दोनदा. आधी मोडण्याचे दहा प्रकार. नुसता मोडला आणि तुकडे जागचे सरकले, मोडला पण सरकले नाहीत, चहूबाजूंनी फुटला पण स्थिर आहे, फुटला आणि अस्थिर आहे, मागची कमान मोडली, बाजूचा जाड भाग मोडला, असे एकेक करत दहा होतात. मग त्या प्रत्येकापुढे सहा अक्षरांतलं एक अक्षर लागतं. ए म्हणजे कातडी शाबूत आहे आणि उपचार चालू आहेत. बी म्हणजे जखम उघडी आहे. डी म्हणजे हाड नीट जुळत चाललंय, जी म्हणजे जुळायला उशीर होतोय, के म्हणजे जुळलंच नाही. आणि एस म्हणजे दुखापत संपली, पण तिच्यामागे काहीतरी राहून गेलं. दहा सक साठ.

हा मणका तळहातात मावेल एवढा आहे. बाकीच्या मणक्यांना पुढून भरीव गोळा असतो, याला तो नाही. हा नुसतं कडं आहे, आणि त्या कड्यावर कवटी टेकलेली असते. शरीरशास्त्राच्या पुस्तकात त्याचं नाव ॲटलास. ग्रीक कथेत ॲटलास आभाळ तोलून धरतो, म्हणून हे नाव पडलं. मला मात्र शिकताना पहिल्याच दिवशी दुसरंच काही आठवलं होतं. जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून, गोल गुंडाळून, टोक आत खोचून आत्या डोक्यावर ठेवायची ती चुंबळ. हंड्याखाली कापडाची चुंबळ, आणि कवटीखाली हाडाची.

माझी आत्या आहुप्याची. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेच्या टोकाला, आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्यावर हे गाव आहे. गावाच्या पुढे जमीनच संपते आणि कडा थेट मुरबाडच्या बाजूला कोकणात उतरतो. घोड नदी याच डोंगरात उगम पावते आणि खाली डिंभे धरणात जाऊन साठते. भैरवनाथाची देवराई, भीमाशंकरचं अभयारण्य, भात-नाचणी-वरई, हिरडा आणि महादेव कोळ्यांची घरं. मी स्वतः पुण्यात एका कचेरीत मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतले डॉक्टर रुग्णाला तपासून जे लिहितात, ते आम्ही इथे बसून वाचतो आणि त्याचे कोड लावतो. त्या कोडवर तिकडची विमा कंपनी डॉक्टरला पैसे देते. पुण्यात, नवी मुंबईत माझ्यासारखी कितीतरी मुलंमुली हे काम करतात. माझ्या वाट्याला दिवसाला ऐंशी-नव्वद चार्ट येतात, म्हणजे एका चार्टला जेमतेम पाच मिनिटं, आणि शंभरातले पंच्याण्णव तरी अचूक निघायला हवेत. त्यात मानेचे पुष्कळ असतात. मागून गाडी आदळली, शिडीवरून पाय घसरला, खोकं उचलताना कळ आली.

या कोडांची यादी केवढी आहे, हे सांगायला हवं. अमेरिकेने 1 ऑक्टोबर 2015 रोजी आजारांची जुनी यादी टाकून नवी घेतली. जुन्या यादीत सुमारे 14 हजार कोड होते, नवीत त्याच दिवशी जवळपास 70 हजार झाले. आता ते 70 हजारांच्या पुढे गेले आहेत. एक कोड वाचून समजून घ्यायला दहा सेकंद धरली आणि रोज आठ तास दुसरं काहीही न करता नुसतं वाचत बसलं, तरी ही यादी संपायला चोवीस दिवस लागतात.

आणि यादी अजून भरलेली नाही. कोड जास्तीत जास्त सात अक्षरांचा असतो. पहिलं इंग्रजी अक्षर, दुसरा आकडा, पुढची पाच अक्षर किंवा आकडा यांपैकी काहीही. या साच्यात किती कोड बसू शकतील, याचा गुणाकार केला तर 1,572 कोटी येतात. पृथ्वीवर माणसं 800 कोटींच्या आसपास आहेत. प्रत्येक माणसाला त्याचा स्वतःचा, दुसऱ्या कुणालाही न लागणारा एकेक आजार दिला, तरी जवळजवळ तेवढीच जागा शिल्लक राहील.

हे झालं फक्त काय झालंय ते सांगणाऱ्या यादीचं. डॉक्टरने काय केलं, त्याची यादी वेगळी. ती अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1966 साली काढली आणि आज तिच्यात 11 हजारांहून अधिक कोड आहेत. बिल पास व्हायचं तर या दोन याद्या एकमेकींना जुळल्या पाहिजेत. मान लचकली म्हणून गुडघ्याचा एक्स-रे काढला, असं लिहून चालत नाही. 70 हजारांना 11 हजारांनी गुणलं की 77 कोटी जोड्या होतात. सेकंदाला एक या वेगाने त्या मोजायला घेतल्या तर रात्रंदिवस चोवीस वर्षं लागतील. एकट्या मेडिकेअरकडे, म्हणजे तिकडच्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याकडे, वर्षाला शंभर कोटींहून जास्त बिलं येतात. दर सेकंदाला एकतीस-बत्तीस. हे वाक्य वाचून होईपर्यंत शंभरेक बिलं आलेली असतात.

आता एक साधी मान घेऊ. चाळिशीची बाई, घरी जड सामान उचलताना मान लचकली, नेहमीच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने मान वळवून पाहिली, हातात ताकद आहे का ते पाहिलं, चिठ्ठीवर मिळणारं औषध लिहून दिलं. भेटीचे कोड पाच, 99211 पासून 99215 पर्यंत. कोणता लावायचा ते बहुतेकदा तीन गोष्टींवरून ठरतं. दुखणं किती गुंतागुंतीचं, किती तपासण्या-कागद पाहावे लागले, आणि उपचारात धोका किती. तिन्हींपैकी दोन ज्या पायरीवर पोचतात ती पायरी धरायची. औषध लिहून दिलं म्हणून धोका मध्यम होतो, पण दुखणं साधं आणि तपासणी नाहीच, म्हणून भेट 99213 वर थांबते. मेडिकेअरच्या दराने या भेटीचे नव्वद डॉलरच्या आसपास मिळतात. एक पायरी वर, 99214 ला, सव्वाशेच्या आसपास. डॉक्टरने एक ओळ लिहायची राहून गेली, तर ही पायरी खाली येते. म्हणून तिकडे डॉक्टर लिहितात, भरभरून लिहितात. मान डावीकडे किती अंश वळली, कळ कुठून कुठे गेली, कधीपासून, काय करताना. मी रोज परक्या बायकांच्या मानेबद्दल इतकं वाचते, की माझ्या आत्याच्या मानेबद्दल एवढं कुणी कधी लिहिलेलं नाही, हे मला एका दुपारी चार्ट वाचता वाचता एकदम जाणवलं. त्या दिवशी पुढचा चार्ट उघडायला मला जरा वेळ लागला.

आत्याचा फोन वैशाखात आला होता. “मान धरलीय गं. वळतच नाय. हाताला मुंग्या येत्यात.”

या तीन वाक्यांत किती कोड आहेत ते पाहा. आपल्याकडे मानेच्या दुखण्याला शब्द पुष्कळ आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी वापरले जात नाहीत. ओझं उचलताना स्नायू ताणला गेला की उसण भरते. ते एस16.1. झटका बसून सांध्याचे बंध दुखावले की मान लचकते. ते एस13.4. रात्री वेडंवाकडं झोपून सकाळी मान एका बाजूला वाकडी राहिली की ती अवघडली म्हणायचं. त्याच्या जवळचा कोड एम43.6. काही मार नाही, ओझं नाही, नुसतीच ठणकते ती मानदुखी, एम54.2. आणि मानेतून कळ निघून हाताला मुंग्या येत असतील तर शीर दबली, एम54.12. आहुप्यातली कुठलीही म्हातारी हे भेद सांगेल. तिने वैद्यकशास्त्र शिकलेलं नाही, पण उसण भरल्यावर ती चोळून घेते आणि शीर दबल्यावर चोळू देत नाही. कोड लावायला शिकवताना आम्हाला हेच भेद महिनाभर घोकायला लावले होते. मला ते भराभर पाठ झाले ते आत्यामुळे.

मोजण्याची ही हौस फार जुनी आहे. चरकसंहितेत नुसत्या वाताचे ऐंशी विकार सांगितलेत, पित्ताचे चाळीस आणि कफाचे वीस. सगळे मिळून 140. त्या वाताच्या ऐंशीत ग्रीवास्तंभ आणि मन्यास्तंभ असे मानेच्या जखडण्याचे दोन वेगळे विकार आहेत. युरोपातली आधुनिक यादी झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने 1893 साली शिकागोच्या बैठकीत मांडली. तिच्यात मृत्यूची कारणं होती, आणि सगळ्यात सविस्तर रूपात ती 161 होती. चरकाचे 140, बर्तियोंची 161. मधे इतकी शतकं गेली आणि फरक एकवीसचा! त्यानंतरच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत मात्र 161 चे 70 हजार झाले, म्हणजे चारशे पस्तीस पट.

या वाढीतलं एक वळण मला महत्त्वाचं वाटतं. बर्तियोंच्या यादीला माणूस कशाने मेला एवढंच हवं होतं. मान धरल्याने कुणी मरत नाही. जागतिक आरोग्य संघटना 1948 साली उभी राहिली आणि तिने यादीची सहावी आवृत्ती काढली. त्या आवृत्तीपासून, ज्यांनी माणूस मरत नाही पण जगणं अडतं, असे आजारही तिच्यात नीट आले. दुखणारी मान जगाच्या हिशेबात आली ती तेव्हा. आणि आता तो हिशेब सांगतो, की 2020 साली जगात 20 कोटी 30 लाख माणसांना मानदुखी होती, बायकांत पुरुषांहून जास्त, आणि 2050 पर्यंत ही माणसं 26 कोटी 90 लाख होतील.

या वीस कोटींत आत्या धरली आहे का? मला नाही वाटत. असे आकडे पाहण्यांवरून आणि नोंदींवरून अंदाजाने काढलेले असतात, आणि आत्याची नोंद काय झाली ते मी स्वतः पाहिलंय. त्या फोननंतर मी तिला घेऊन दवाखान्यात गेले होते. सरकारी दवाखाना, केसपेपरला पैसे नाहीत, 15 ऑगस्ट 2023 पासून राज्यभर ते बंदच झालेत, आणि ते फार चांगलं झालं. गर्दी होती. डॉक्टर दमलेले दिसत होते. आदिवासी आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असं सरकारी प्रमाण आहे. त्यात तापाची पोरं, गरोदर बाया, विंचू, साप. आत्याची पाळी आली. मान हलवून पाहिली, गोळ्या दिल्या. जाड वहीत एक ओळ पडली. अनुक्रमांक, नाव, वय, गाव, आणि आजाराच्या रकान्यात “मानदुखी”.

उसण नाही, मुंग्या नाहीत, काय करताना झालं ते नाही. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. रकाना दोन बोटं रुंद होता. साथीच्या रोगांचे जे तक्ते दवाखान्यांतून वर जातात, त्यांत जुलाब आहेत, हिवताप आहे, साप चावल्याची नोंद आहे. मान नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हजारांवर उपचार आहेत आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण, पण ती मुख्यतः दाखल करून करायच्या उपचारांची यादी. मणका मोडून ऑपरेशनला नेलं तर आत्या त्या यादीत शिरेल. मान धरली म्हणून तपासून घरी पाठवलं तर नाही. देशातल्या मृत्यूंचंही असंच आहे. 2020 साली भारतात नोंदवल्या गेलेल्या मृत्यूंपैकी साडेबावीस टक्क्यांचंच कारण डॉक्टरने लिहिलेलं होतं. जिथे चारातल्या तीन मृत्यूंचं कारण कागदावर येत नाही, तिथे मानेचं कोण लिहिणार?

तिकडे लिहितात, कारण लिहिलं तर पैसे मिळतात. हे मला नोकरीतच कळलं. साठ प्रकार कुतूहलापोटी झालेले नाहीत. प्रत्येक भेदामागे कुणीतरी बिल देणारा आणि कुणीतरी तपासणारा बसलेला आहे. पण त्या बिलाच्या वाटेवर जी बारीक नोंद होते, तिच्यातून पुढे हेही कळतं की कोणत्या कामात माना जातात, कोणत्या वयात, कोणत्या गावात. ती नोंद आहुप्याला हवी आहे. बिल नको, नुसती नोंद.

कारण आत्याची मान कशाने गेली ते मोजता येतं. उन्हाळ्यात झरा आटला की पाणी लांबून आणायचं. हंडा आणि वर कळशी, भरल्यावर वीस किलो. माणसाचं डोकं पाच किलोच्या आतबाहेर असतं, म्हणजे मानेला एकदम पाच डोक्यांचा भार. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन. दिवसाला ऐंशी किलो. होळीपासून मृगापर्यंत नव्वद दिवस धरले तर 7,200 किलो. आत्या लग्न होऊन आली त्याला चाळीस वर्षं झाली. 2 लाख 88 हजार किलो. दहा टनी ट्रक भरले तर एकोणतीस ट्रक पाणी तिने डोक्यावरून वाहिलंय, चढउताराच्या पायवाटेने, अनवाणी. यात सरपणाच्या मोळ्या धरलेल्या नाहीत. आवणीच्या दिवसांत इरलं डोक्यावरून पाठीवर घेऊन, दिवसभर वाकून, मान वर करून पुढची ओळ पाहत भात लावायचं, तेही धरलेलं नाही. हा हिशेब मी कागदावर केला आणि तिला दाखवला. तिने तो कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाली, “येवढं?” मग शेजारणीला बोलावून आणलं, आणि शेजारीण म्हणाली, “माझं बी कर.”

मग अंगणात बसून आम्ही तिघींनी कोड लावले. ओझ्याने जास्त ताण आला, त्याला यादीत कोड आहे, एक्स50.0. हिरड्याच्या दिवसांत झाडावरून पडलेल्यांची चौकशी झाली, आणि अशी माणसं गावात निघतातच. बाळहिरडा काढायला फांदीवर जावं लागतं आणि उन्हाळ्यात त्याच पैशांवर घर चालतं. झाडावरून पडण्याला डब्ल्यू14. बैलाने ढुशी दिली तर डब्ल्यू55.22, त्यात गायबैल दोन्ही येतात. कुठे झालं, त्याचेही कोड आहेत. जंगलाला वाय92.821. शेताला, फळबागेला, खुराड्याला, संगीतनाट्याच्या नाट्यगृहालासुद्धा वेगवेगळा कोड आहे. देवराईला नाही. शेजारीण म्हणाली, “देवराईत कशाला कोण पडंल, तिथं फांदीला हात लावत नाय.” ते खरं होतं. पाण्याच्या पायवाटेलाही नाही, आणि ती मात्र हवी होती. सत्तर हजारांची यादी ज्यांनी केली त्यांच्या घरात पाणी नळाने येतं, म्हणून ती वाट त्यांच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा या पट्ट्यात हिरड्याची झाडं आडवी झाली. पंचनाम्यांत झाडं मोजली गेली. झाड मोजता येतं, तर त्यावर चढणारी मानही मोजता येईल. सत्तर हजार रकाने लागणार नाहीत. मला विचाराल तर त्या जाड वहीत पाच पुरेत: उसण, लचक, अवघडणं, मानदुखी, शीर दबणं. आणि पुढे एक, काय करताना. आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांना, हे शब्द शिकवावे लागणार नाहीत, त्यांच्या घरातलेच आहेत. वर्षभर एवढं लिहिलं तरी डिंभ्याच्या वरच्या गावांतून काय चित्र निघेल, त्याची मला उत्सुकता आहे आणि थोडी भीतीही.

आत्याच्या उसणीचा कोड मी माझ्या वहीत लिहून ठेवलाय. एस16.1, मग रिकामी जागा भरायला दोनदा एक्स. सातवं अक्षर राहिलं. उपचार चालू असेल तर ए, बरं होत आलं असेल तर डी, मागे कायमचं काही राहिलं असेल तर एस. मी गोळ्या संपल्यावर फोन केला होता. मुंग्या कमी आहेत, म्हणाली, मान अर्धी वळते. “मग आता डोक्यावर काही घेत नाहीस ना?” मी विचारलं.

“सकाळच्या दोनच खेपा करते,” ती म्हणाली. “संध्याकाळच्या शेजारीण करते.”